मॉरिस मायनर घ्यावी की मिनी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे १९६५ची मॉरिस मायनर आहे आणि माझ्या मेव्हण्याकडे १९६३ची मिनी. ऑक्सफर्डपासून अर्ध्या तासावर एकाच गावात राहतो आम्ही. दोन्ही गाड्या एकाच गॅरेजसमोर उभ्या दिसल्या, की येणारा-जाणारा आधी हसतो, मग फोटो काढतो आणि मग विचारायला लागतो. मंडळाच्या गणपतीत तर दरवर्षी कुणीतरी बाजूला घेऊन हळूच म्हणतो, "मलाही एक घ्यायचीय, बायकोला अजून सांगितलं नाही." हे प्रश्न त्यांचे. उत्तरं माझी आहेत, म्हणजे मायनरवाल्याची, हे लक्षात ठेवूनच वाचा. मेव्हण्याने वाचून दोन ठिकाणी हरकत घेतली, ती तिथेच नोंदवली आहे.

एका वाक्यात सांगा, कुठली घेऊ?

घरातली चार माणसं बसवून, सामान टाकून, दुपारभर रमतगमत हिंडायचं असेल तर मायनर. एकट्याने किंवा जोडीने वळणावळणाच्या रस्त्यावर गाडी पळवायची असेल तर मिनी. पण खरं सांगू का, बघायला जाल त्यातल्या ज्या गाडीचा पत्रा शाबूत असेल ती घ्या. बाकी सगळं नंतर बदलता येतं.

दोन्ही गाड्या एकाच माणसाने काढल्या हे खरं?

खरं. ॲलेक इसिगोनिस. जन्म १९०६चा, स्मर्ना शहरातला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमिरचा. वडील ग्रीक वंशाचे पण ब्रिटिश नागरिक, आई बव्हेरियाची. १९२२ साली ते शहर युद्धात होरपळलं तेव्हा कुटुंबाला घरदार सोडून पळावं लागलं, आणि हा मुलगा इंग्लंडात आला. इंजिनिअरिंग शिकताना गणितात तीनदा नापास झाला. पुढे आयुष्यभर तो हाताने काढलेल्या स्केचवरच गाड्या ठरवत आला.

मायनर त्याने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑक्सफर्डच्या काउली कारखान्यात आखायला घेतली. तिचं गुप्त नाव होतं 'मॉस्किटो', म्हणजे डास. १९४८च्या शरद ऋतूत लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या मोटर प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. कारखान्याचे मालक लॉर्ड नफील्ड, म्हणजे मूळचे विल्यम मॉरिस, यांना ती अजिबात आवडली नव्हती. पाण्यात सोडून शिजवलेल्या अंड्यासारखी दिसते, असं ते म्हणाले. त्याच अंड्याने १९६०च्या डिसेंबरात दहा लाखांचा आकडा गाठला. असा आकडा गाठणारी ती पहिली ब्रिटिश गाडी. त्या आनंदात कंपनीने सुमारे ३५० गाड्या फिकट जांभळ्या रंगात काढल्या. आज त्यातली एखादी दिसली की लोक रस्ता ओलांडून बघायला येतात.

मायनरच्या बॉनेटवर मधोमध लांब सपाट पट्टा दिसतो, तो शोभेसाठी नाही. गाडी जवळजवळ तयार झाल्यावर इसिगोनिसला ती अरुंद वाटायला लागली. त्याने नमुन्याची गाडी मधून उभी कापायला लावली, दोन्ही भाग लांब-जवळ करत बघितले आणि चार इंच वाढवून समाधान झालं. बॉनेटमध्ये त्या चार इंचांची पट्टी बसली. बंपर मात्र आधीच बनून आले होते, म्हणून सुरुवातीच्या गाड्यांचे बंपर मधून कापून ठिगळ लावलेले आहेत. दुरुस्तीत हे ठिगळ 'नीट' करून देणारे महाभाग भेटतात, त्यांच्यापासून सावध.

मग मिनी म्हणजे लहान केलेली मायनरच ना?

नावावरून तसंच वाटतं. काउलीत बनणाऱ्या मिनीचं मूळ नाव खरोखरच 'मॉरिस मिनी-मायनर' होतं. बर्मिंगहॅमजवळच्या लॉंगब्रिजला तीच गाडी 'ऑस्टिन सेव्हन' म्हणून बनायची. ऑस्टिन आणि मॉरिस १९५२ साली एका कंपनीत आले, पण विक्रेते वेगळे आणि त्यांचे रुसवेफुगवे वेगळे, म्हणून एकाच गाडीची दोन बारशी. ऑस्टिनवालीला १९६२ पासून 'ऑस्टिन मिनी' म्हणायला लागले.

नावाखालची गाडी मात्र निराळीच. १९५६ साली सुएझ कालव्याचा पेच झाला, ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं, आणि रस्त्यावर तीन चाकांच्या, अंड्याच्या कवचासारख्या जर्मन-इटालियन गाड्या दिसायला लागल्या. कंपनीचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांना त्या बघवेनात. त्यांनी इसिगोनिसला सांगितलं, खरीखुरी छोटी गाडी काढ, फक्त इंजिन आपल्याकडे आहे तेच वापर. २६ ऑगस्ट १९५९ला मिनी बाजारात आली. एवढ्या थोड्या वेळात एवढी नवी गाडी काढल्यावर काय होतं, ते पावसाच्या प्रश्नात येईलच.

इंजिन तरी वेगळं असेल?

नाही! लोक सर्वात जास्त गोंधळतात ते इथेच. १९५२ नंतरची मायनर आणि मिनी, दोघींत एकाच घराण्याचं इंजिन आहे. त्याला ए-सीरिज म्हणतात. मायनरमध्ये ते आधी ८०३ सीसी होतं, १९५६ पासून ९४८, १९६२ पासून १०९८. पहिल्या मिनीत ८४८ सीसी, ३४ अश्वशक्ती. (अगदी सुरुवातीच्या मायनरमध्ये ९१८ सीसीचं जुन्या धाटणीचं इंजिन होतं. दिसायला गोड, चढाला मात्र दम लागतो.)

फरक आहे ठेवण्यात. मायनरमध्ये इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने. त्याच्या मागे गिअरबॉक्स, मग लांब दांडा आणि ताकद मागच्या चाकांना. आपल्याकडची फियाट किंवा ॲम्बेसिडर आठवा. मिनीत तेच इंजिन आडवं फिरवलं, गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली तेलाच्या भांड्यात घातला आणि पुढचीच चाकं फिरवली. लांब बॉनेट गेलं, मधला बोगदा गेला, मागचा जडपणा गेला. दहा फुटांच्या गाडीत चार माणसं बसली ती त्यामुळे.

आज रस्त्यावरच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवंच असतं. मारुती ८००मध्येही होतं. पण गिअरबॉक्स पोटात घालायची मिनीची युक्ती पुढे फार कुणी उचलली नाही. इटलीत दान्ते जाकोसा या इंजिनिअरने १९६४च्या प्रिमुला गाडीत तो इंजिनच्या बाजूला बसवला, आणि जगाने तीच वाट धरली.

मिनीत इंजिन आणि गिअर एकाच तेलात भिजतात. गिअरचे दाते तेल दळून पातळ करतात, म्हणून मिनीचं तेल दर तीन हजार मैलांना बदलायचंच. "नवीन तेल सहा हजार चालतं" म्हणणाऱ्याकडून मिनी घेऊ नका.

आत जागा कुठे जास्त?

बाहेरून मोजलं तर मिनी ३.०५ मीटर लांब. टाटा नॅनो तिच्यापेक्षा पाच सेंटिमीटर लांब होती, यावरून कल्पना येईल. मायनर पावणेचार मीटरपेक्षा कणभर जास्त.

आत मात्र गंमत होते. पुढच्या दोघांना मिनीत मायनरपेक्षा मोकळं वाटतं. डॅशबोर्ड म्हणजे एक नुसती फळी, मधोमध एकच गोल स्पीडोमीटर, आणि दार आतून पोकळ. काच खाली जात नाही, सरकते. त्यामुळे दाराच्या पोटात काच उतरवायची यंत्रणा नाही, आणि त्या जागी खण मिळाला. आमच्या वहिनींच्या त्या खणात छत्री, पाण्याच्या दोन बाटल्या, चिवड्याचा डबा आणि मुलाचे बूट एकाच वेळी सापडले आहेत. (खाली जाणाऱ्या काचा १९६९च्या फेरबदलात आल्या आणि खण गेला.)

मागच्या बाकावर आणि डिकीत मायनर जिंकते. चार दारांची मायनर मिळते, मिनीला कायम दोनच दारं.

माझी आई दोन वर्षांपूर्वी साताऱ्याहून आली होती. तिला दोन्हीत बसवलं. मिनीत बसताना नऊवारी सावरत म्हणाली, "अरे, ही गाडी आहे की पाट?" बसली खरी, पण उतरवायला दोघं लागले. मायनरचं दार उघडल्यावर मात्र थबकली. लहानपणी गावातल्या डॉक्टरांकडे असलीच होती, म्हणाली, 'बेबी' म्हणायचे तिला. ते बरोबरच होतं, त्याबद्दल शेवटी सांगतो.

चालवायला कुठली मजेशीर?

हे लिहिताना हात जड होतोय. मिनी.

चारही चाकं गाडीच्या अगदी कोपऱ्यांना, चाकं फक्त दहा इंचांची, वजन सहाशे किलोंच्या आसपास. वळणावर नुसता विचार केला तरी गाडी वळते. स्प्रिंगच्या जागी रबराचे शंकू आहेत, ॲलेक्स मोल्टन यांनी काढलेले. त्यामुळे मिनी झुकत नाही, पण खड्डा आला की मणक्याला कळतं. स्टिअरिंग बसच्या चाकासारखं आडवं, आणि पेडल थोडी डावीकडे सरकलेली. पहिले दोन दिवस कंबर तक्रार करते, मग सवय होते.

मायनर काही लेचीपेची नाही. तिचं स्टिअरिंग १९४८च्या मानाने इतकं अचूक आहे की मोठ्या गाड्यांवाले तेव्हा चक्रावले होते. ती वळणावर वाकते, पण रस्ता सोडत नाही. आणि पाय उचलला की सायलेन्सरमधून जो ओलसर फुर्रऽऽ आवाज येतो, तो दुसऱ्या कुठल्या गाडीला नाही. माझ्या गल्लीतली कुत्री तो ओळखतात.

मेव्हण्याची हरकत क्रमांक एक: "मजेशीर म्हण की, हात कसला जड होतोय!"

मोटरवेवर नेता येतात?

येतात. दोघींना चारच गिअर, आणि ताशी ६० मैलांना इंजिन मिनिटाला चार हजारांच्या आसपास फिरत असतं. गप्पा ओरडून माराव्या लागतात. डावीकडची लेन धरा. ट्रकच्या मागे राहायचं, पण खूप अंतर ठेवून, कारण ब्रेक ड्रमचे आहेत आणि तुमच्या पुढच्याचे डिस्कचे.

मिनी पावसात बंद पडते म्हणतात, खरं का?

पूर्वी पडायची आणि सांभाळली नाही तर आजही पडते. मूळ नमुन्यात इंजिन उलट्या बाजूने बसवलेलं होतं आणि कार्बोरेटर पुढे. थंडीत कार्बोरेटर गोठायला लागला, म्हणून इंजिन अर्धी गिरकी देऊन फिरवलं. कार्बोरेटर उबेला मागे गेला, आणि डिस्ट्रिब्युटर आपसूक पुढे, जाळीच्या बरोबर मागे आला. ठिणगी वाटणारी नाजूक वस्तू थेट पावसाच्या तोंडावर! उन्हाळ्यात केलेल्या चाचण्यांत हे कळलंच नाही.

त्यातच सुरुवातीच्या गाड्यांत तळाच्या पत्र्याची घडी उलट्या बाजूने चढवलेली होती. चाकांचं पाणी त्या फटीतून आत यायचं आणि सतरंजी भिजायची. ती चूक कंपनीने लवकर सुधारली.

डिस्ट्रिब्युटरला जुने लोक भांडी घासायचा रबरी हातमोजा घालतात. हाताला बोटं पाच, डिस्ट्रिब्युटरला वायरी पाच: चार प्लगच्या, एक कॉइलची. प्रत्येक बोटाचं टोक कापून त्यातून एकेक वायर काढायची. मेव्हण्याच्या मिनीला पिवळा मोजा आहे. हसू येतं, पण चार वर्षांत पावसात एकदाही ती थांबलेली नाही.

मायनरला हा त्रास नाही. तिचा पेट्रोल पंप मात्र विजेवर चालतो, चावी फिरवली की टक टक टक करतो आणि एखाद्या सकाळी गप्प राहतो. मग बॉनेट उघडून पान्याच्या दांडीने हळूच टकटक करायची. बहुतेकदा लाजून चालू होतो.

गाडी बघायला गेल्यावर नेमकं कुठे बघायचं?

हा प्रश्न सगळ्यात उशिरा विचारतात, आणि पैसे जातात ते इथेच.

दोन्ही गाड्यांना वेगळी चेसिस नाही. पत्र्याचं शरीर हेच हाड. इंजिन फिरवून बघण्यात, हॉर्न वाजवण्यात वेळ घालवू नका. ए-सीरिज इंजिन दुरुस्त करायला सोपं आणि सुटे भाग मुबलक. पत्र्याचं काम मात्र तासांवर मोजतात, आणि इंग्लंडात वेल्डरचे तास स्वस्त नाहीत.

मायनरमध्ये चटई उचला. पुढच्या सीटखालून आडवी जाणारी तुळई आणि तिची दोन्ही टोकं बघा, जिथे जॅक लागतो. तिथे गंज असेल तर जॅक लावल्यावर गाडी उचलली जात नाही, जॅकच आत जातो. मग मागच्या स्प्रिंगा जिथे अडकवल्या आहेत ती जागा. मग पुढून मागे जाणारे दोन पाय, ज्यांना इथे चेसिस लेग म्हणतात. ड्रायव्हरच्या पायाखालच्या भागात ब्रेकचं मास्टर सिलिंडर बसलेलं असतं, त्याचं तेल भरायलाही चटईच उचलावी लागते.

मिनीत सगळ्यात आधी गाडीखाली आडवं होऊन मागची सबफ्रेम, म्हणजे मागची चाकं जिला अडकवलेली असतात ती चौकट, बघा. ती हमखास सडते. बदलता येते, पण सडलेली सबफ्रेम म्हणजे आजूबाजूचंही सडलेलं. डिकीच्या तळात बॅटरीचा खळगा असतो, तिथे आम्ल सांडून भोक पडलेलं असतं. दारांखालच्या कडा, म्हणजे सिल, गरजेपेक्षा रुंद दिसल्या तर समजा की जुन्या गंजावर नवीन पत्रा पांघरला आहे.

बरोबर एक छोटं लोहचुंबक न्या, फडक्यात गुंडाळून. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे, म्हणजे भोकं-खड्डे बुजवायची पुट्टी. आपल्याकडचे डेंटिंग-पेंटिंगवाले लांबी म्हणतात ती तशीच इथेही लावतात. माझी मायनर मी चुंबक न नेता घेतली. विकणारे गृहस्थ फार सज्जन वाटले, चहाबरोबर केकही दिला. घरी आणून उजव्या चेसिस लेगवर पेचकस टेकवला तर तो मुठीपर्यंत आत गेला. आत वर्तमानपत्राचे बोळे होते, वर लांबी, त्यावर काळा रंग. वर्तमानपत्र वाचता येण्याजोगं होतं, फुटबॉलचा निकाल होता त्यात.

मायनरचं पुढचं चाक चालता चालता मोडून पडतं का?

माझं पडलं आहे. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये, चालायच्या वेगाने, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना. धप्प आवाज झाला आणि गाडी एका गुडघ्यावर बसली.

पुढचं चाक ज्या उभ्या किंगपिनभोवती वळतं, तिला खाली आटे आहेत आणि ती ट्रनियन नावाच्या तुकड्यात फिरते. या आट्यांना ग्रीस लागतं, दर हजार मैलांना किंवा वर्षातून निदान दोन-तीनदा. नाही दिलं तर आटे झिजतात आणि एक दिवस पिन निसटते. चाक मडगार्डखाली दुमडतं. बहुतेकदा हळू जाताना, वळवताना होतं हे नशीब. ग्रीसगन घेऊन दोन्ही बाजूंचे निपल भरायला दहा मिनिटं पुरतात. आधीच्या मालकाने वीस वर्षांत ती दहा मिनिटं काढली नव्हती, आणि मी घेतल्यावर विचारलं नव्हतं. घ्यायच्या आधी पुढची बाजू जॅकवर उचलून, चाकाखाली पहार घालून वर ढकला. खटखट वाजलं, चाक हललं तर किंमत कमी करा आणि गाडी ट्रकवर घालून घरी न्या.

घरच्या घरी काम करायचं असेल तर?

मायनर, डोळे झाकून. बॉनेट उघडलं की इंजिनच्या दोन्ही बाजूंना एवढी जागा की मांजर झोपते. (झोपते. चालू करायच्या आधी बघतो.) मिनीत हात आत जातो, बाहेर येताना सालटं ठेवून येतो. मिनीचा क्लच इंजिन न काढता बदलता येतो, हे मेव्हण्याने आवर्जून लिहायला लावलं. हरकत क्रमांक दोन. बरोबर आहे. पण गिअरबॉक्समध्ये काही झालं तर सगळं इंजिनच बाहेर काढावं लागतं, हे त्याने लिहायला लावलं नाही.

सुट्या भागांची चिंता दोघींनाही नाही. मिनीचा तर पत्र्याचा अख्खा सांगाडा आजही नवा मिळतो.

लाकूड लावलेली मायनर छान दिसते. ती घ्यावी का?

ती ट्रॅव्हलर, १९५३ पासूनची. तिच्या मागच्या भागातलं ॲश झाडाचं लाकूड नुसतं वरून लावलेलं नाही. छत, मागच्या काचा, दोन दारं, सगळं त्या चौकटीने उचलून धरलेलं आहे. ते कुजलं म्हणजे घराचा वासा कुजला. तपासणीतही लाकूड कुजलेलं असेल तर गाडी नापास होते. दरवर्षी वॉर्निश, पाणी साचतं त्या कोपऱ्यांत बोटाने चाचपणं, हे व्रत पाळता येत असेल तर जरूर घ्या.

मिनीचीही लाकूडवाली आवृत्ती होती. तिच्यावरचं लाकूड मात्र कुंकवाइतकंच, शोभेचं. ते काढलं तरी गाडीचं काही बिघडत नाही.

मिनी कूपर मिळाली तर?

खिसा मोठा असेल तर बघा. शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या जॉन कूपर यांनी १९६१ साली मिनीत मोठं इंजिन आणि पुढे डिस्क ब्रेक घालून घेतले, १९६३ला त्याहून तिखट कूपर एस आली. १९६४, १९६५ आणि १९६७ साली मॉन्टे कार्लो रॅली या टिचभर गाडीने जिंकली. १९६६लाही पहिले तीन नंबर मिनीचेच होते, पण हेडलाइटच्या बल्बचं कारण काढून आयोजकांनी बाद केल्या. इथले म्हातारे अजून त्यावर तावातावाने बोलतात, विषय काढू नका.

धोका असा की साध्या मिनीला कूपर बनवणं सोपं. खऱ्यांपेक्षा खोट्या जास्त फिरत असाव्यात असं वाटावं इतकं. कागद, चेसिस नंबर आणि तज्ज्ञाची नजर, तिन्ही असल्याशिवाय पैसे मोजू नका. मायनरमध्येही हेच दुखणं उघड्या टपाच्या गाडीचं आहे. दोन दारांच्या साध्या गाडीचं छत कापून ती बनवतात. चेसिस नंबरच्या सुरुवातीच्या अक्षरांत 'टी' आहे का बघा. टी म्हणजे टूरर.

लहान मुलांना नेता येतं?

मूळची सीटबेल्ट नसलेली जुनी गाडी असेल तर ब्रिटनच्या कायद्याप्रमाणे तीन वर्षांखालच्या मुलाला तीत बसवताच येत नाही. तीन वर्षांवरच्यांनी मागे बसायचं. बरेच जण बेल्ट नंतर बसवून घेतात. मीही घेतले, मागेसुद्धा. त्यांचे बोल्ट गंजक्या पत्र्यात नाहीत ना, एवढं बघा.

टॅक्स, तपासणी, लंडनचा दंड यांचं काय?

बनून ४० वर्षं उलटलेली गाडी ऐतिहासिक वर्गात नोंदवता येते. रोड टॅक्स शून्य. गाडीत मोठे बदल केले नसतील तर वार्षिक एमओटी तपासणीही सक्तीची नाही. तरीही मी दरवर्षी करतो. वर चाकाची गोष्ट वाचलीत ना?

लंडनच्या यूलेझमध्येही, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांकडून रोजचे पैसे घेतात त्या भागात, ऐतिहासिक गाडीला सूट आहे. सगळ्या मायनर त्यात बसतात, कारण त्यांचं उत्पादन १९७१ला संपलं. मिनी मात्र ४ ऑक्टोबर २०००पर्यंत बनत होती. म्हणजे १९६३ची धूर सोडणारी मिनी यूलेझमध्ये फुकट हिंडते आणि १९९६च्या मिनीला दिवसाला साडेबारा पौंड पडतात. हिशोब कुणी केला देव जाणे. लंडनच्या मंडळींनी मिनी घेताना साल आधी बघावं, रंग नंतर.

विमा स्वस्त असतो. फक्त कंपनीशी आधी किंमत ठरवून घेतलेली पॉलिसी घ्या, नाहीतर अपघातानंतर ते 'साठ वर्षं जुनी गाडी' म्हणून चहापाण्याचे पैसे देतात.

पेट्रोल कोणतं?

सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनच्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुन्या रबरी नळ्या खातं. महागातलं सुपर, पाच टक्केवालं भरा, किंवा नळ्या नव्या बसवा. शिसं घातलेलं पेट्रोल २०००च्या सुरुवातीला बंद झालं, म्हणून इंजिनच्या व्हॉल्व्हना कडक सीट बसवल्या आहेत का विचारा. नसतील तर टाकीत औषध घालत राहायचं.

आताची बीएमडब्ल्यूची मिनी घेतली तर तोच आनंद मिळतो का?

ती चांगली गाडी आहे. मुख्यतः काउलीतच बनते, मायनर जिथे जन्मली त्या कारखान्याच्या शेजारच्या आवारात. तिच्याशेजारी जुनी मिनी उभी करा, मग मला विचारायची गरज पडणार नाही.

भारतात या गाड्या होत्या का? इथून नेता येईल?

मिनी भारतात कधी बनली नाही. मायनर बनली. हिंदुस्थान मोटर्सने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला सुरुवातीची मायनर 'बेबी हिंदुस्थान' नावाने विकली. आईला आठवलेली डॉक्टरांची 'बेबी' तीच. पुढे याच कंपनीने मायनरच्या मोठ्या बहिणीची, मॉरिस ऑक्सफर्डची, ॲम्बेसिडर केली. म्हणून जुन्या ॲम्बेसिडरच्या मालकाला मायनरच्या बॉनेटखाली फार परकं वाटत नाही.

भारतात ५० वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी नोंदणी आहे. पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. नवीन नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला पाच हजार. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला रस्त्यावर आणता येते. रोज भाजी आणायला नाही. इथून जहाजाने न्यायची तर आयातीचे नियम आणि जकात यांचं गणित आधी जाणकाराकडून करून घ्या. मी चौकशी केली, आकडा ऐकला आणि आईला फोन करून सांगितलं की गाडीत बसायला तूच परत ये. ती म्हणाली, येते, पण त्या पाटात बसणार नाही.